थांबलं की संपलं?



संध्याकाळची कामं उरकून, किंवा उरकता उरकता, रेडिओ लावून बसलेल्या सगळ्या ताया, काकू, मावश्या आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलींना माझा नमस्कार. मी बचत गटांची समन्वयक. याआधी मी तुमच्याशी व्याजाच्या हिशेबावर बोलले, बैठकीच्या वहीवर बोलले. आज मात्र मी इंग्रजीतल्या काही शब्दांवर बोलणार आहे. लगेच रेडिओ बंद करू नका. व्याकरणाचा तास घेणार नाही. स्टॉप, फिनिश, स्टार्ट, बिगिन, कीप, कंटिन्यू असे हे शब्द आपल्या सगळ्यांच्या कानावरून गेलेले आहेत. काम सुरू होणं, चालू राहणं आणि संपणं सांगणारे हे शब्द. वरवर सोपे. पण त्यातल्या एका शब्दाने आमच्या गटाला एका दिवाळीत चांगलंच अडकवलं, आणि तो शब्द लिहिणारा हात माझा होता.

झालं असं. आमच्या गटाने दीड लाखाचं कर्ज घेतलं होतं. एकही हप्ता न चुकवता मार्चमध्ये ते फेडलं. पुढे आमचं गाव दुसऱ्या बँकेच्या शाखेला जोडलं गेलं. दिवाळीच्या फराळाची ऑर्डर घ्यायची, तर डाळ, रवा, तेल घाऊक भावात आधीच उचलायला हवं. म्हणून ऑगस्टमध्ये नव्या शाखेत कर्जाचा अर्ज द्यायचं ठरलं. साहेब परराज्यातले, नवीन आलेले, मराठी वाचता न येणारे. तेव्हा अर्जासोबतचं पत्र इंग्रजीत लिहायचं ठरलं. सगळ्या म्हणाल्या, "ताई बीए आहे, ताई लिहील."

मी लिहिलं. आमच्याकडे शेवटचा हप्ता भरून आल्यावर बायका म्हणाल्या होत्या, "सुटलो बाई, हप्ते बंद झाले एकदाचे." तेच वाक्य माझ्या डोक्यात होतं. बंद होणं म्हणजे स्टॉप. मी लिहून दिलं, "वुई स्टॉप्ड पेइंग द इन्स्टॉलमेंट्स इन मार्च."

तीन आठवडे काहीच निरोप नाही. शेवटी अध्यक्षताई आणि मी शाखेत गेलो. साहेबांनी फाइल काढली, त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारलेली होती. ते हिंदीत म्हणाले, "तुम्हीच लिहिलंय की मार्चपासून हप्ते भरणं सोडून दिलं. मग दुसरं कर्ज कसं देऊ?"

मला घाम फुटला. मी सांगायला गेले की आम्ही सगळं फेडलंय. ते म्हणाले, जुन्या शाखेचा नो ड्यूज दाखला आणा. ते बरोबरच होतं, तो दाखला आम्ही आधीच जोडायला हवा होता. पण दाखला आणून, पत्र पुन्हा लिहून, कर्ज हातात पडेपर्यंत दिवाळी तोंडावर आली. किराणा उधारीवर घ्यावा लागला, आणि उधारीचा भाव काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. त्या वर्षी फराळात जेमतेम मजुरी सुटली. गटात मला कोणी टाकून बोललं नाही. पण एक जण म्हणाली, "काय लिहिलं होतंस गं ताई असं?" आणि मला उत्तर देता येईना.

उत्तर दिलं ते आमच्या गटातल्या एका मावशींनी. सत्तरीच्या आहेत, शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. मी त्यांना दोन्ही शब्दांचा अर्थ सांगितला तशा म्हणाल्या, "अगं, थांबणं वेगळं नि उरकणं वेगळं. रांधणं उरकलं की बाई चूल विझवते. रांधणं नुसतं थांबलं तर भाजी अर्धी कच्चीच असते."

मैत्रिणींनो, इंग्रजीच्या जाड पुस्तकात जे लिहिलंय ते हेच. स्टॉप म्हणजे चालू असलेलं काम थांबलं. ते पूर्ण झालं की नाही, याबद्दल स्टॉप काही बोलत नाही. फिनिश म्हणजे काम त्याच्या शेवटापर्यंत गेलं. गोधडी शिवायला घेतली आणि "आय स्टॉप्ड स्टिचिंग द गोधडी" म्हटलं, तर ऐकणारा समजतो की गोधडी अर्धवट पडली आहे. "आय फिनिश्ड स्टिचिंग द गोधडी" म्हटलं, तर शेवटचा टाका घातला, आता अंगावर घ्यायला हरकत नाही. मी साहेबांना कळवलं होतं की आमची गोधडी अर्धवट आहे.

आता एक गंमत बघा. पाऊस थांबतो तेव्हा इंग्रज माणूस "इट स्टॉप्ड रेनिंग" म्हणतो. "इट फिनिश्ड रेनिंग" असं सहसा म्हणत नाही. का? कारण पावसाला ठरलेला शेवटचा थेंब नसतो. गोधडीला शेवटचा टाका असतो. जगातली कामं अशी दोन प्रकारची आहेत. चालणं, हसणं, पाऊस पडणं यांना आपला असा शेवट नाही. गोधडी शिवणं, विहीर खणणं, पत्र लिहिणं यांना आहे. झेनो वेंडलर नावाच्या तत्त्वज्ञाने १९५७ मध्ये एका लेखात ही वाटणी नीट मांडली. आपण घरच्या घरी ती पारखू शकतो. चालता चालता मध्येच थांबलात, तरी तुम्ही चाललात हे खरंच राहतं. पण विहीर खणता खणता मध्येच थांबलात, तर विहीर खणली असं म्हणता येत नाही. नुसता खड्डा झाला.

हीच पारख आपल्या गटाच्या कामाला लावा. कर्जफेडीला शेवटचा हप्ता असतो, म्हणजे ती गोधडीसारखी. तिथे फिनिश शब्द बसतो. बचत मात्र पावसासारखी. बचतीला शेवटचा हप्ता नसतो. बचत आपण चालू ठेवतो, नाहीतर थांबवतो. म्हणून "वुई स्टॉप्ड सेव्हिंग" हे वाक्य गटाच्या कागदावर दिसलं तर वाचणारा काळजीत पडणार, आणि पडायलाच हवा.

साहेबांना दुसऱ्यांदा मी लिहिलं, "वुई हॅव रिपेड द लोन इन फुल." म्हणजे कर्ज पूर्ण फेडलं. "वुई फिनिश्ड रिपेइंग द लोन इन मार्च" हेही चाललं असतं. पण जिथे पैशाचा मामला आहे तिथे "इन फुल" हे दोन शब्द घालाच. मग शंकेला जागाच राहत नाही.

स्टॉपची आणखी एक खोड आहे. तो शब्द मागचंही सांगून जातो. काम थांबलं म्हणायचं, तर ते आधी चालू असायला हवं. एखादी पाहणी करणारी बाई दारात येऊन विचारते, "तुमच्या मालकांनी दारू प्यायची थांबवली का?" तुम्ही हो म्हटलं तरी ते आधी पीत होते हे कबूल झालं. नाही म्हटलं तर अजून पितात हे कबूल झालं. ज्याने कधी थेंबही घेतला नाही त्याच्या बायकोने काय म्हणावं? तिने म्हणावं, "प्रश्नच चुकीचा आहे बाई, ते पीत नव्हतेच." इंग्रजीत असो की मराठीत, थांबण्याचा प्रश्न आला की हो-नाही म्हणण्याआधी क्षणभर विचार करा. छापील फॉर्मवरसुद्धा असे प्रश्न असतात.

अजून एक ठेच लागण्याची जागा. "वी स्टॉप्ड टॉकिंग" आणि "वी स्टॉप्ड टू टॉक" ही दोन वाक्यं ऐकायला बहिणी-बहिणी वाटतात. पहिल्यात आपण बोलायचं थांबलो, कदाचित अबोलाच धरला. दुसऱ्यात आपण वाटेत थांबलो, कशासाठी, तर बोलण्यासाठी. एकीकडे भांडण, दुसरीकडे गप्पा. फिनिशच्या मागे मात्र हा "टू" लावत नाहीत. "फिनिश्ड टू कुक" असं नाही, "फिनिश्ड कुकिंग". ज्या मुली परीक्षेला बसणार आहेत त्यांनी हे वहीत लिहून ठेवा.

आता शेवटाकडून सुरुवातीकडे येऊ. स्टार्ट आणि बिगिन. पुष्कळ ठिकाणी दोन्ही चालतात. "मीटिंग स्टार्टेड ॲट थ्री" म्हणा किंवा "बिगॅन ॲट थ्री" म्हणा, बिघडत नाही. बिगिन जरा औपचारिक, भाषणात शोभणारा. पण गाडीला, पंपाला, पिठाच्या गिरणीला फक्त स्टार्टच. "माझी स्कूटी बिगिन होत नाही" असं कोणी म्हणत नाही. नवीन धंदा सुरू करायचा तरी "स्टार्ट अ बिझनेस" असंच बोलण्यात आहे. स्टार्ट या शब्दाचा जुना अर्थच मुळी उडी मारणं, दचकून उठणं असा होता. तो झटका अजून त्या शब्दात आहे.

यात एक बारीक फरक ॲलिस फ्रीड यांनी दाखवला. इंग्रजीतल्या याच शब्दांवर त्यांचं १९७९ चं पुस्तक आहे. त्यांचं म्हणणं असं की स्टार्ट हा शब्द कामाच्या अगदी उंबऱ्यावर उभा राहू शकतो, तर बिगिन म्हटलं की काम थोडं तरी झालेलंच असतं. याला आपल्या बैठकीतलं उदाहरण देते. नवीन सून बैठकीला येते. काही सांगायला तोंड उघडते, समोर सासू बसलेली दिसते, आणि गप्प होते. इंग्रजीत म्हणता येतं, "शी स्टार्टेड टू स्पीक, बट डिड नॉट." तिथे बिगॅन म्हटलं तर खटकतं, कारण बिगॅन म्हणजे एक-दोन शब्द तरी बाहेर पडले. आणि आपण मराठीत काय म्हणतो? "ती बोलायला गेली, पण..." आणि खरंच बोलली तर "ती बोलू लागली." बोलायला जाणं आणि बोलू लागणं. फरक आपल्या जिभेवर आधीपासून आहेच की. गटात आपलं अर्धं काम तर हेच आहे, बोलायला गेलेलीला बोलू लागेपर्यंत साथ द्यायची.

आता शेवटाचे आणखी चार शब्द पटकन सांगते. एंड म्हणजे शेवट झाला. मीटिंग एंड झाली, वर्ष एंड झालं. तिथे काम पुरं झालं का, याची फार चौकशी नाही. बैठक पाच वाजता एंड होते, पण विषयपत्रिकेवरचे दोन विषय तसेच राहिलेले असू शकतात. कम्प्लीट म्हणजे सगळे भाग पुरे झाले. म्हणून "कम्प्लीट द फॉर्म" याचा अर्थ फॉर्ममधला एकही रकाना मोकळा सोडू नका. सीझ हा कायद्याच्या कागदातला शब्द. संस्थेच्या नियमात असतं, "शॅल सीझ टू बी अ मेंबर", म्हणजे अमुक झाल्यावर ती व्यक्ती सभासद राहणार नाही. हा शब्द दिसला की वाक्य दोनदा वाचा, कारण तिथे आपला एखादा हक्क जात असतो. आणि क्विट म्हणजे आपण होऊन सोडणं. नोकरी सोडली, तंबाखू सोडली. सोडणाऱ्याची मर्जी त्यात असते.

तुम्ही म्हणाल, शेवटाला एवढे शब्द कशाला? पण आपण तरी काय करतो? बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. नारळ फोडला म्हणत नाही, वाढवला म्हणतो. दुकान रात्री बंद केलं तर ते वाढवलं. दिवा शांत केला. निघताना जाते म्हणत नाही, येते म्हणतो. शेवटाचा शब्द जपून वापरावा, हे आपल्या आज्यांनी आपल्याला शिकवलंच आहे. तीच नजर इंग्रजी कागदाकडे वळवायची.

मधल्या वाटेवरचे शब्द तीन. कीप, कंटिन्यू आणि रिझ्यूम. कीप म्हणजे पुन्हा पुन्हा. "द चाइल्ड कीप्स कफिंग", बाळाला सारखी खोकल्याची उबळ येते. कंटिन्यू म्हणजे चाललंय ते पुढे चालू. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कंटिन्यू लिहिलं असेल तर आधीचं औषध तसंच पुढे घ्यायचं, बरं वाटलं तरी मनाने बंद करायचं नाही. काही कळलं नाही तर औषध देणाऱ्याला नाहीतर आशाताईंना विचारायचं. टीबीच्या औषधांचा नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा. दोन महिन्यांत खोकला कमी होतो, ताप उतरतो, वजन वाढतं, आणि माणूस गोळ्या बंद करतो. तो स्टॉप झाला, कम्प्लीट नाही. रोग दबा धरून बसतो आणि परत येतो तेव्हा त्याच गोळ्यांना दाद देईलच असं नाही. म्हणून टीबीच्या नोंदीत "ट्रीटमेंट कम्प्लीटेड" असा वेगळा शेरा असतो. तो शेरा मिळेपर्यंत थांबायचं नाही.

आणि रिझ्यूम. मध्ये खंड पडला होता, आता पुन्हा तिथूनच पुढे सुरू केलं. हा शब्द मला सगळ्यात जवळचा. का, ते सांगते आणि बोलणं आवरतं घेते.

बारावीनंतर माझं लग्न झालं. कॉलेजचं पहिलं वर्ष अर्ध्यात राहिलं. नऊ वर्षांनी, धाकटी मुलगी शाळेत जायला लागल्यावर, मी मुक्त विद्यापीठात नाव घातलं आणि बीए झाले. पुढे या समन्वयकाच्या कामासाठी अर्ज भरताना एक इंग्रजी रकाना होता, मधल्या वर्षांत काय केलं ते लिहा. मी आधी लिहिलं, "आय क्विट कॉलेज." मग पेन थांबलं. मी क्विट केलं होतं? मी आपण होऊन सोडलं होतं? माझी पुस्तकं तर मी माहेरच्या ट्रंकेत कापडात गुंडाळून ठेवली होती. सोडून देणारी बाई पुस्तकं जपून ठेवत नाही. मी तो शब्द खोडला आणि लिहिलं, "माय स्टडीज स्टॉप्ड आफ्टर मॅरेज. आय रिझ्यूम्ड देम लेटर अँड कम्प्लीटेड माय बीए." माझं शिक्षण लग्नानंतर थांबलं. नंतर मी ते पुन्हा सुरू केलं आणि बीए पूर्ण केलं. तीन क्रियापदांत माझी सगळी हकिकत आली, आणि एकही शब्द खोटा नव्हता.

तुमच्यापैकी कितीतरी जणींचं शिक्षण, शिवणकाम, भजनी मंडळातलं गाणं असंच कुठेतरी थांबलेलं असेल. कोणी विचारलं तर आपण पटकन म्हणतो, "संपलं ते आता." मैत्रिणींनो, इंग्रजीत असो की मराठीत, संपलं म्हणण्याआधी जरा तपासा. शेवटचा टाका पडला होता का? नसेल, तर ते फक्त थांबलं आहे. ते पुन्हा सुरू करायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. घरची परिस्थिती मी जाणते, उगाच उपदेश करणार नाही. पण कागदावर चुकीचा शब्द तरी लिहू नका.

तर आजच्या बोलण्यातून तीन प्रश्न लक्षात ठेवा. इंग्रजी अर्ज, पत्र किंवा फोनवरचा संदेश लिहिण्याआधी स्वतःला विचारायचे. पहिला, हे काम आधी चालू होतं का? दुसरा, या कामाला शेवटचा टाका आहे का, आणि तो पडला का? तिसरा, काम थांबलं ते आपण थांबवलं, की आपसूक थांबलं, की दुसऱ्या कोणी थांबवलं? तिन्हींची उत्तरं आधी मराठीत, मोठ्याने, शेजारणीला सांगायची. मग इंग्रजी शब्द शोधायचा. आणि पत्र पाठवण्याआधी दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्यायचं. मी त्या दिवशी तेवढं केलं असतं, तर आमची ती दिवाळी वेगळी झाली असती.

पुढच्या बैठकीत तुमच्या गटाची इंग्रजी पत्रं आणि बँकेचे आलेले संदेश घेऊन बसा. जिथे स्टॉप, क्लोज, सीझ, कंटिन्यू असे शब्द दिसतील तिथे पेन्सिलने रेघ मारा आणि अर्थ विचारून घ्या. आमच्या मावशी हल्ली प्रत्येक कागदावर बोट ठेवून मला विचारतात, "हे थांबलेलं आहे का उरकलेलं?" त्यांना वाचता येत नाही, पण प्रश्न बरोबर विचारता येतो.

माझं आजचं बोलणं मात्र इथे उरकलं. येते हं. नमस्कार.